खालच्या ओळींसाठी

बाई छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. त्यांची खोली यंत्रांच्या भिंतीला लागून होती, आणि नोकरी संपेपर्यंत त्या यंत्रांनी त्यांचे दोन्ही कान खाऊन टाकले. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना कळायचं, बाकी जग मुकं. छापखान्यात त्यांना ‘काना-मात्रा’ म्हणायचे, कारण एखादा काना राहिला तर त्या मालकालाही सोडत नसत.

ऐकू न येणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर ‘सांगतो नंतर’चा. चारचौघं हसले की बाई विचारायच्या, काय झालं? नवरा म्हणायचा, “काही विशेष नाही.” मालिकेत सासू-सून पाच मिनिटं एकमेकींवर तुटून पडल्या, तरी तो एवढंच म्हणायचा, “भांडतायत.” ते तर बाईंनाही दिसत होतं.

म्हणून त्यांनी स्वतःचा रेकॉर्डर उभा केला. छापखान्यानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर घरी आणला, त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घातली आणि टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारा एक फुकटचा प्रोग्राम बसवला. हे सगळं त्या इंटरनेटवरच्या एका चर्चागटात शिकल्या. तिथे सारं लिहूनच चालतं, कुणी कानाशी येऊन ओरडत नाही. अँटेनावरून येणारी मालिका पडद्याखालच्या लिखित संवादांसकट साठायची. बाई ओळ वाचायच्या, थांबवायच्या, मागे नेऊन पुन्हा वाचायच्या. शुद्धलेखनाची चूक दिसली की वाहिनीचा उद्धार करायच्या, पण वाचायच्या.

मग त्या वाहिनीनं अँटेनावरचं प्रक्षेपण बंद केलं. यापुढे सगळं इंटरनेटवरून. बाईंनी वाहिनीचा इंटरनेटवरचा नवा पत्ता रेकॉर्डरच्या यादीत घातला. चित्र आलं. आवाजही आला, असं नवऱ्यानं मान हलवून सांगितलं. खालच्या ओळी मात्र गायब.

बाईंनी थेट वाहिनीचं ग्राहक केंद्र गाठून ओळी येत नसल्याची तक्रार केली. काउंटरमागचा तरुण कॉम्प्युटरकडे बघत बोलू लागला.

“माझ्याकडे तोंड करून बोला,” बाई म्हणाल्या.

“आजी, रिमोटवरून आवाज वाढवा ना.”

“आवाज वाढवून ऐकू आलं असतं, तर मी इथवर आले असते का?”

तो जरा ओशाळला. “मग टीव्हीला जोडायचा आमचा बॉक्स घ्या. त्यात दिसतात ओळी.”

“साठवता येतात? थांबवून मागे नेता येतं?”

“नाही, ते नाही येत. पण घरात कुणीतरी सांगेलच की तुम्हाला, काय चाललंय ते.”

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. “सांगतात ना,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच आले होते.”

रविवारी मुलगा आला, तर त्याचंही तेच. “आई, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? बॉक्स घेऊन देतो मी. या वयात हे कुणी करतं का?”

“माझं वय राहू दे बाजूला. ओळी कुठे अडकल्यात ते शोधायला बसणार असशील तर खुर्ची ओढ. नाहीतर चहा घे आणि गप्प बस.”

मुलानं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून बाई पदर खोचून बसल्या. माशी नेमकी कुठे शिंकली हे आधी कळायला हवं होतं. त्यांनी रेकॉर्डरला बाजूला ठेवलं आणि वाहिनीचा तोच पत्ता साध्या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडला. चित्राखाली ओळी झळकल्या. म्हणजे वाहिनी ओळी पाठवत होती आणि त्या घरापर्यंत येतही होत्या. रेकॉर्डरच चित्र आणि आवाज तेवढा आत घेत होता आणि अक्षरांना उंबऱ्यावरूनच परत धाडत होता. बाईंना असा संताप आला, की त्या यंत्राला मोठ्यानं म्हणाल्या, “तूसुद्धा?”

त्यांनी चर्चागटात विचारलं. कुठल्याशा परक्या माणसानं उत्तर दिलं, की वाहिनी आणि रेकॉर्डर यांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवा. चित्र आणि आवाज त्यानं रेकॉर्डरला द्यायचा, आणि ओळी शेजारी वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या. बाईंनी त्या प्रोग्रामची आज्ञा टाइप केली. फाइल तयार झाली, पण कोरी. पुन्हा केली, पुन्हा कोरी. दुपारभर त्यांनी सगळ्या जगाला दोष दिला. अखेर जुन्या सवयीनं ती आज्ञा कागदावर छापून, पट्टी ठेवून एकेक अक्षर तपासलं, तर त्यांच्याच हातून विसर्गासारखं दोन टिंबांचं एक चिन्ह सुटलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान पिळणाऱ्या बाईंनी खोलीत कुणी नाही ना, हे आधी पाहिलं आणि मगच ते चिन्ह भरलं.

ओळी आल्या. पण चित्राच्या पुढे धावत आल्या. मालिकेतला वकील तोंड उघडायच्या आतच त्याचं उत्तर पडद्यावर हजर. बाई खुदकन हसल्या. नवरा बघतच राहिला.

“का हसलीस?”

“सांगते नंतर,” बाई म्हणाल्या.

तो चांगलाच चिडला. मग हळूच म्हणाला, “तुला रोज असं वाटतं होय?” बाईंनी ते ओठांवरून वाचलं आणि त्या पुन्हा कीबोर्डकडे वळल्या.

चित्राचं घड्याळ आणि ओळींचं घड्याळ वेगवेगळ्या क्षणी सुरू होत होतं. दोन्ही एकाच शून्यापासून मोजायला लावल्यावर वकील आणि त्याचे शब्द जुळले. त्या दिवशी मालिकेतल्या कारकुनानं काहीतरी आचरट उत्तर दिलं आणि नवरा-बायको एकाच वेळी हसले. नवऱ्यानं वळून पाहिलं. बाईंची नजर पडद्यावरच होती.

पुढच्या महिन्यात वाहिनीनं पत्ता बदलला आणि सगळं पुन्हा ठप्प झालं. मुलानं फोनवर लिहून पाठवलं, “आई, आता तरी बॉक्स घेऊया.”

बाईंनी उत्तर लिहिलं, “आता तर मुळीच नाही. आता मला वाट माहीत झाली आहे.” पाठवण्याआधी काना-मात्रा तपासल्या, मग चष्मा पुसून कीबोर्ड पुढे ओढला.