नाव जुळवायच्या दोन तऱ्हा

प्लेगची साथ ओसरली त्या वर्षी मी कोल्हापुरात एका कचेरीत नवा कारकून होतो. गावाबाहेरची रोग्यांची छावणी मोडली होती आणि तिथल्या वह्यांचे गठ्ठे आमच्या पुढ्यात येऊन पडले होते. लोक आपापल्या माणसांची चौकशी करायला येत. अर्जातलं नाव वहीतल्या नावाशी जुळवायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणतो खरं, पण त्या कामानं माझं डोकं उठवलं होतं.

अर्ज बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि वह्या मोडीत. मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, आणि छावणीच्या फाटकावरचा कारकून तर पाठीमागं कुणी लागल्यासारखा लिहीत गेलेला. कचेरीतले वडील कारकून, म्हणजे माझे वरिष्ठ, अक्षराला चिकटून बसणारे. ते नाव एका चिठ्ठीवर मोडीत उतरवायचे आणि चिठ्ठी ओळीखाली धरून पानभर सरकवत न्यायचे. एक अक्षर हललं की तो माणूस नव्हे. मी कानावर भरवसा ठेवणारा. काना-मात्रा सोडून द्यायच्या, ण आणि न एक, श आणि स एक धरायचे, आणि ओळन् ओळ ओठांत म्हणून पाहायची. त्यांच्या तऱ्हेनं कुणीच सापडत नसे, माझ्या तऱ्हेनं नको तितके सापडत. कचेरीत भजन मांडलंय का, असं ते मला विचारायचे.

अशात हातकणंगल्याकडची एक बाई दिराला घेऊन आली. तिचा नवरा मंगळवार पेठेत सुतारकाम करायचा. तो तापानं पडला तेव्हा तिनं एकटीनं त्याला गाडीत घालून छावणीच्या फाटकापर्यंत नेलं. तिथून तिला माघारी धाडलं. पोरींना घेऊन ती गावी गेली, मग गावच रानात झोपड्या घालून राहिलं, आणि ती परत आली तेव्हा छावणीच्या जागी नुसते खुंट उरले होते. नवरा गेला, की बरा होऊन कुठं निघून गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुंकू ठेवायचं की पुसायचं, एवढं तिला कळायला हवं होतं.

दिरानं नाव सांगितलं होतं, अर्जात ते व्यवस्थित होतं. वहीत मंगळवार पेठेची पानं सगळ्यात जास्त. वडील कारकुनांची चिठ्ठी त्यांवरून फिरून रिकामी परत आली. माझ्या तऱ्हेनं एक म्हातारा निघाला, एक पाळण्यातलं पोर निघालं आणि एक तर धडधाकट निघाला, आपल्या दुकानात बसलेला. त्यानं मला अशा शिव्या घातल्या की त्या मला अजून पाठ आहेत. दर बाजाराला दोघं येत. मी वाचून दाखवायचो, दीर नाही म्हणून मान हलवायचा. बाई पदर ओढून दाराशी उभी असायची. आम्ही दोघं तिच्यासमोर अक्षर खरं की उच्चार खरा यावर भांडत बसायचो. मला त्या वह्यांचा राग यायचा, वडील कारकुनांचा यायचा, आणि खरं सांगायचं तर तिच्या गप्प राहण्याचाही यायचा.

एका दुपारी मी वही आपटली. दिराला म्हटलं, फाटकावर नाव कसं सांगितलं होतं, अगदी तसंच म्हणा. तो म्हणाला, मी नव्हतोच तिथं, वहिनी होती. मी बाईकडे वळलो आणि नाव तुम्ही सांगितलं का, म्हणून विचारलं.

"न्हाय की," ती म्हणाली. "धन्याचं नाव म्या कसं घ्यायचं? थोरल्या लेकीचं नाव सांगितलं आन् तिचा बा म्हणून ल्ह्या म्हटलं."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आमच्याही घरात मानत. माझ्या आईच्या तोंडून वडिलांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि फाटकावर कुणी उच्चारलंच नव्हतं असं नाव आम्ही दोघं शहाणे इतके दिवस शोधत होतो, एक डोळ्यानं, एक कानानं.

नोंद लगेच मिळाली. मुलीचं नाव, तिचा बाप, सुतार. त्या ओळीवरून माझं बोट कितीदा गेलं असेल. पुढे लिहिलं होतं, मयत. मी ते हळू आवाजात वाचलं. दिरानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. ती उभीच होती.

तेवढ्यात वडील कारकून म्हणाले, अर्जात एक नाव, वहीत दुसरं, जुळत नाही. दोघं एकच, असं फाटकावर नोंद देणाऱ्यानंच नाव घेऊन सांगितलं पाहिजे. दीर म्हणाला, मी सांगतो. चालणार नाही, ते म्हणाले. दौत उचलून त्यांच्या पगडीवर ओतावी असं मला वाटलं.

बाईनं पदर मागं सारला.

"घेते की. आता कुणाचं आयुष्य कमी व्हायचं हाय?"

आणि तिनं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट, रानात हाक मारावी तशा मोकळ्या आवाजात. मी ते इथं लिहीत नाही.

वडील कारकुनांनी टाक दौतीत बुडवला आणि मान वर न करता म्हणाले, "त्यात ण आहे की न? परत एकदा म्हणा."

ती पायऱ्या उतरून गेली होती.