अण्णांचा पांढरा ब्रेड

मिरजेच्या घराला मी कुलूप लावलं, तेव्हा अण्णा रिक्षात बसायला तयार नव्हते. कुलूप त्यांनी स्वतः ओढून पाहिलं, मग मला ओढायला लावलं, मग शेजारच्या काकूंना. "लागलंय हो अण्णा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आई गेल्यापासून अण्णा तिथं एकटे राहत होते. गॅस चालू राहायचा, दूध उतू जायचं, म्हणून मी त्यांना जयपूरला घेऊन निघाले होते. पूर्वी लग्न करून मी याच दारातून निघाले, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "परक्या गावात कुणी काही दिलं तर आधी वास घे, मग खा." बाकीच्या मुलींना त्यांचे वडील काय सांगतात, मला माहीत नाही.

'अण्णा रमले का?' असं फोनवर विचारणाऱ्या तुम्हां मिरजेतल्यांना मी नेहमी 'हो, छान' म्हणत आले. आज खरं काय ते लिहिते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत आणि ज्यांना आज ना उद्या आईवडिलांना आपल्याकडं आणावं लागणार आहे, त्यांच्यासाठीही लिहिते.

अण्णा अन्नातली भेसळ तपासणारे निरीक्षक होते. चहाची पूड ओल्या टिपकागदावर टाकून रंग सुटतो का ते बघणं, हळद पाण्यात घालून बघणं, हे आमच्या लहानपणी खेळासारखं होतं. संशय घेणं हेच त्यांचं काम, आणि गावात त्या संशयाला मान होता. दुकानदार त्यांना बघून उभे राहायचे.

आमच्या घरी तेव्हा ब्रेड म्हणजे पांढराच, आणि तोही कुणाला ताप आला तरच यायचा. आई गेल्यावर मात्र अण्णा त्याच्यावरच जगले. तव्यावर तूप सोडून भाजायचे, वर साखर भुरभुरायचे, झालं जेवण. जयपूरमध्ये, तिलक नगरच्या आमच्या घरात, पांढऱ्या ब्रेडला मज्जाव होता. मैदा म्हणजे विष, हे मी सकाळी चालायला येणाऱ्या बायकांकडून शिकले आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये इतरांना शिकवलं. आमच्याकडे होल व्हीट. माझी लेक इरा सँडविचला पांढरा मागून मागून दमली, पण चालायचं माझं.

पहिल्याच सकाळी अण्णांनी स्लाइस खिडकीपाशी उजेडात धरली.

"याला रंग दिलाय."

"नाही अण्णा. गव्हाचा आहे, कोंड्यासकट."

"गव्हाची पोळी अशी दिसते?"

त्यांनी वाटीत पाणी घेतलं, तुकडा बुडवला आणि वर्तमानपत्र वाचत बसले. थोड्या वेळानं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. अण्णांनी वाटी माझ्याकडं सरकवली. इरा हसून हसून लोटपोट. "आई, आजोबा मतलब डिटेक्टिव्ह आहेत!"

मी ते दुकान सोडलं. सोडाला नावाच्या भागातल्या एका बेकरीतून ब्रेड आणायला लागले. त्याचं पाणी स्वच्छ राहिलं, पण अण्णा तोही खाईनात. "पांढरा आण," ते म्हणाले. "पांढऱ्यात काही लपवता येत नाही." तिथून मला कळेनासं झालं की त्यांचं ज्ञान कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो. ते म्हणू लागले, दूधवाले भैया दुधात काही घालतात. महेश, म्हणजे माझा नवरा, चहात काही घालतो. मग एकदा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तूसुद्धा त्यांच्यातलीच का गं?"

एका दुपारी ते घरात दिसेनात. मी गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी मोती डुंगरीच्या रस्त्यावर एका ई-रिक्षात बसलेले सापडले. "मैडम, बाबूजी कब से कोई ऑफिस पूछ रहे हैं," रिक्षावाला म्हणाला. अण्णांच्या मांडीवर रुमालाची पुरचुंडी होती, वर रबर घट्ट गुंडाळलेलं. आत ब्रेडच्या स्लाइस.

"नमुना जमा करायचाय," ते मला म्हणाले. "ऑफिस कुठं हलवलं यांनी?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रिक्षा घराकडं घ्यायला सांगितली. वाटभर त्यांनी पुरचुंडी माझ्या हाती लागू दिली नाही.

डॉक्टरांनी तपासून स्मृतिभ्रंश सांगितला. संशय हाही त्याच आजाराचा भाग आहे म्हणाले आणि तो कमी व्हावा म्हणून एक फिकट पिवळी गोळी लिहून दिली. अण्णा ती जिभेखाली धरायचे आणि कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकायचे. महेश स्वतः डॉक्टर. तो म्हणाला, "खाण्यातून देऊ."

"नको," मी म्हटलं. "जेवणात काहीतरी घालतात असं ज्याला वाटतं, त्याच्याच जेवणात घालायचं?"

त्यानं विषय सोडला. मला सकाळचं पहिलं लेक्चर असायचं, म्हणून नाश्ता तोच करायला लागला. हळूहळू अण्णा निवळले. भैयांशी भांडेनात, इराला तिच्या शाळेतल्या नाटकाचे संवाद म्हणून दाखवायला सांगू लागले. वाटलं, रमले. लोणी लावलेला ब्राऊन ब्रेडही निमूट खात होते. तक्रार एकच.

"कडू लागतो गं."

"कोंडा कडवटच असतो अण्णा. सवय होईल."

"त्यात काहीतरी आहे."

"काही नाही. आईची शपथ."

आईचं नाव घेतल्यावर त्यांनी ताटलीतला तुकडा संपवला.

इराला सुट्टी होती त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले. ती स्वयंपाकघरात चूळ भरत होती. "आई, आजोबांनी उरवलेला ब्रेड मी खाल्ला. थोडासाच. खरंच कडू आहे, मतलब औषधासारखा." मी तिला आणखी चुळा भरायला लावल्या आणि ती स्लाइस हातात घेतली. लोण्याला जिभेचं टोक लावलं. कोंड्याच्या ठिपक्यांमध्ये, नीट बघितलं तरच दिसतील असे, पिवळे बारीक कण होते.

महेश संध्याकाळी आला तेव्हा ताटली टेबलावर होती. त्यानं ती पाहिली आणि खुर्ची ओढून बसला.

"बरे आहेत की नाही ते?" तो म्हणाला. "इरा अभ्यास करू शकते. तू झोपतेस. ते रस्त्यावर जात नाहीत. माझं काय चुकलं, सांग."

"इरानं खाल्लं त्यातलं."

तो उठून आधी तिला बघून आला.

"आणि मी अण्णांसमोर आईची शपथ घेतली होती, महेश."

"हे मला माहीत नव्हतं," तो हळू म्हणाला. मग ताटली बाजूला सारत, "आता त्यांना सांगू मात्र नकोस. पुन्हा अन्नाला शिवणार नाहीत."

त्याची भीती खरी होती. तरी मी सांगायचं ठरवलं, कारण या शहरात अण्णांना विश्वास ठेवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि त्यांना खोटं पाडलं जात असताना मी शेजारी उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत उन्हाला बसले होते. मी खाली, त्यांच्या पायाशी बसले.

"अण्णा, ब्रेडमध्ये गोळी होती. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. "कुणी घातली?"

"मी," दारातून महेश म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला, मला कळलं नव्हतं.

आरडाओरडा होईल म्हणून मी इराला आत राहायला सांगितलं होतं. अण्णांनी माझा हात धरला.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विसरता पुष्कळ अण्णा. पण हे खरं होतं."

"खरं होतं," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि आईच्या दिवसकार्यातही न रडलेले अण्णा रडले.

पुढचे काही दिवस त्यांनी फक्त केळी खाल्ली, स्वतः सोललेली. महेश म्हणाला होता तसंच झालं. मग इराच एक दिवस दुकानातून पांढऱ्या ब्रेडचा बंद पुडा घेऊन आली आणि त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच उघडा." त्यांनी उघडला, तिला तव्यावर तूप सोडायला सांगितलं, आणि स्वतः उभं राहून भाजून घेतला. इरानंही खाल्ला. मी दोघांना ताटल्या दिल्या.

आता घरात दोन्ही ब्रेड असतात. माझा ब्राऊन, त्या दोघांचा पांढरा. गोळी वेगळ्या वाटीत येते आणि महेश ती समोर ठेवून सांगतो, "अण्णा, ही गोळी. यानं संशय कमी होतो." पहिल्यांदा अण्णा म्हणाले, "संशय कमी झाला तर मी नोकरी कशी करणार?" काही दिवस ते घेतात, काही दिवस वाटी परत सरकवतात. न घेतलेले दिवस घराला जड जातात. फाटकाला आतून कुलूप असतं, भैयांची मी आधीच माफी मागून ठेवते. आणि खरं सांगायचं तर मीही अजून महेशनं केलेला चहा तोंडाला लावण्याआधी क्षणभर थांबते. त्याला ते दिसतं. तो समोर बसून आपला कप आधी पितो.

मिरज सोडल्यावर कितीतरी वर्षं मी घर म्हणजे मिरज असंच सांगायचे. जयपूर म्हणजे नोकरी, संसार, इराची शाळा. अण्णा आले की घर इथं येईल, अशी माझी समजूत होती. पण ते आले तेव्हा आणखी एक परका माणूस आला होता, आणि त्याला आम्हीही परकेच होतो.

गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ संजय पुण्याहून फोनवर होता, स्पीकर लावलेला. "अण्णा, मिरजेला घरी जायचं का? मी येऊन राहतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. अण्णा ताटलीतला तुकडा चावत होते. मी हातातला कप खाली ठेवला, कारण ते हो म्हणाले असते तर मला त्यांना नाही म्हणता आलं नसतं.

त्यांनी घास सावकाश संपवला.

"नको रे," ते म्हणाले. "इथं मला दाखवून वाढतात."