सत्कारमूर्तीची जागा

माझ्या अभिनयाची सुरुवात प्रेतापासून झाली. कागद कारखान्याच्या वसाहतीत गणपतीत नाटक व्हायचं आणि शेजारी फटाका फुटला तरी न दचकणारं प्रेत त्यांना हवं होतं. लहानपणच्या तापानंतर मला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. पुढे पहारेकरी, मग पुतळा अशी बढती मिळत गेली. माझ्या पुतळ्याचं कौतुक अजूनही होतं.

शेवटी स्वतःच नाटक बसवलं. नट सगळे बहिरे. मुख्य भूमिकेत डोईफोडिया गावची, ट्रकमध्ये केळी भरायच्या कामावर जाणारी एक मुलगी. गोष्ट साधी: मुलगी पाहायला पाहुणे येतात, तिच्यासमोर तिच्याचबद्दल बोलत राहतात आणि अखेर ती नकार देते. संवाद सगळे हातांचे. ऐकणाऱ्यांचा प्रॉम्प्टर विंगेत असतो. आमच्या तालमीत मी मंचासमोर जमिनीवर बसायचो. कुणी अडलं की माझ्या हातांकडे बघायचं. एकदा तरी लोकांनी मला सोडून माझं नाटक बघावं, एवढंच मला हवं होतं.

लोधीपुऱ्यातल्या एका मंडळाने बोलावलं. आधी अर्थातच सत्कार. शाल, नारळ, भाषणं. आमच्याकडे सीमाभागात वक्ते मराठीत सुरू होतात आणि हिंदीत संपतात. ओठ वाचणाऱ्याला मध्येच गाडी बदलावी लागते. मी बदलली नाही. मी प्रेरणा आहे, हे चेहऱ्यांवरून कळतच होतं.

भाषणं संपल्यावर उठलो, तर अध्यक्षांनी खांदा दाबून परत मंचावरच्या सोफ्यावर बसवलं. समोर प्रेक्षकांत बसलेल्या बायकोने ऐकून हातांनी सांगितलं: पाहुणे मंचावरूनच नाटक बघणार, सोफे हलणार नाहीत, सत्कारमूर्ती मध्येच उतरली तर बरं दिसत नाही. मग तू तरी माझ्या जागी बस, असं मी खुणावलं. संवाद कुठे पाठ आहेत मला, ती म्हणाली. अध्यक्ष माझ्याकडे तोंड करून एकेक अक्षर चावत बोलले, "भाऊ, आता आरामसे बसा ना. तुमचं काम झालं."

नाटक सोफ्यांपुढच्या उरलेल्या पट्टीत सुरू झालं. मला नटांच्या पाठी दिसत होत्या.

नकाराच्या जागी मुलगी अडली. तिने समोर पाहिलं, तिथे मी नव्हतो. मग ती वळली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ओळ माझ्या बोटांपर्यंत आली होती. पण मी हात उचलले असते तर तिने ती माझ्याकडे तोंड करून म्हटली असती आणि लोकांना तिची पाठच दिसली असती. मी दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरला आणि पुतळा झालो.

तिचा चेहरा रागाने लाल झाला. त्याच रागात ती लोकांकडे वळली. मला फक्त तिचे खांदे आणि कोपरं दिसली. माझ्या ओळीपेक्षा तिचा नकार कितीतरी लांब चालला. पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरायचं विसरल्या होत्या.

नंतर अध्यक्ष भेटले. नाटक छानच, पण तुम्ही ज्या शांतपणे बसलात त्याला तोड नाही, असं म्हणाले. पुढच्या वर्षीही तीच जागा ठेवणार आहेत.

मुलगी चपला घालत होती. नकार कसा दिलास, परत करून दाखव, अशी मी विनवणी केली.

"आता नाही येत," तिने हात झटकत सांगितलं. "तेव्हा तुमचा राग आला होता."