डाव्या मांडीचं हाड

शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बहनजींनी पेटीचं झाकण छडीनं उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. आत हाडं होती. माणसाची. पिवळट, भुशात ठेवलेली. अकरावीच्या वर्गात तेवीस मुली, पण एकही पुढे येईना. कुणी ओढणी नाकाला लावली, कुणी डोळे मिटले. मीही घाबरले होते. तोवर मी मेलेलं माणूस पाहिलेलं नव्हतं.

"कौन निकालेगी?" बहनजींनी विचारलं.

वसुधा उठली. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचे वडील केंद्र सरकारचे बदलून आलेले मोठे अधिकारी, माझे आबा फौजेत हवालदार. जयपुरात माझं आडनाव ऐकून कुणाला काही कळत नसे. मला तेवढाच आधार होता. वसुधाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"बहनजी, ये निकाल देगी. इनके गाँव में मरे जानवर यही लोग उठाते हैं."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. शेजारची मुलगी बाकाच्या टोकाला सरकली. आदल्याच दिवशी आम्ही दोघींनी तिच्या डब्यातली कचोरी वाटून खाल्ली होती. मला ओरडून सांगायचं होतं, माझे आबा बंदूक उचलतात. मेलेलं जनावर मी बघितलेलंसुद्धा नाही. पण तोंडातून निघालं, "जी, बहनजी." आणि मी हाडं काढली.

ही साठ-एकसष्टची गोष्ट. शाळा परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत, आमचं क्वार्टर छावणीत. त्या दिवसापासून ते काम माझंच झालं. दर मंगळवारी मी टेबलामागे उभी राहायची आणि एकेक हाड वर धरायची. बहनजी लांबून छडी रोखून सांगायच्या, मुली लांबूनच बघून वहीत चित्र काढायच्या. माझं चित्र राहून जायचं. तास संपला की मागच्या नळावर मातीनं तीनदा हात धुवायचे. त्यानंतर दिवसभर माठाला शिवायचं नाही. कुणी वरून ओतलं तर पाणी प्यायचं, नाहीतर घसा कोरडा ठेवून घर गाठायचं. बहुतेकदा कुणी ओतत नसे.

सोमवारी संध्याकाळपासूनच मला घास उतरेना. कवटी धरताना डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालावी लागत. कोण असेल हा माणूस? बेवारस मेला असेल, म्हणून तर पेटीत आला. बेवारस कोण मरतं ते मला माहीत होतं. आमच्यातलेच. घरी मी काही बोलले नाही. आबांनी गावी आजाला शब्द दिला होता, पोर अकरावीला नापास झाली तर पाठवून देतो, स्थळ बघून ठेवा. मला नर्सिंगला जायचं होतं. तक्रार केली आणि शाळाच सुटली तर?

मग ग्रंथींचा धडा आला. तो तक्त्यावरचा. त्यात हात लावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला बसायला मिळालं. बहनजी सांगत होत्या, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती बाकीच्यांवर हुकूम चालवते. गळ्यात एक असते. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक. भीती वाटली की मेंदूचा निरोप मज्जातंतूंवरून त्या टोप्यांपर्यंत पोचतो, त्यांचा रस रक्तात उतरतो. छाती धडधडते, तोंड सुकतं, तळहात ओले होतात.

मी बघतच राहिले. हे तर माझ्या मंगळवारचं वर्णन! मला वाटायचं, भीती आमच्या जातीतच आहे. आजा पाटलापुढे वाकायचा, आबा साहेबापुढे, मी बहनजींपुढे. पुस्तकात जातीचं काही नव्हतं. त्या दोन ग्रंथी प्रत्येकाला असतात असं स्पष्ट छापलं होतं. म्हणजे वसुधाला होत्या आणि बहनजींनाही होत्या. घरी जाऊन मी ते पान चार वेळा वाचलं.

हाडांवर चिठ्ठ्या होत्या. मांडीचं एकच हाड होतं, त्यावर 'दाईं', म्हणजे उजवं. त्या चिठ्ठ्या बहनजींनी लांबून सांगून शाळेच्या झाडूवाल्याकडून चिकटवून घेतल्या होत्या. परीक्षा जवळ आली तेव्हा मी एकदा ते हाड स्वतःच्या उजव्या मांडीला लावून पाहिलं. हाडाच्या मागच्या अंगाला उभी खरखरीत धार असते, ती बोटाला लागते. धार मागे ठेवली की वरचा गोळा कमरेकडे आत वळायला हवा. माझ्या हातातला बाहेर वळत होता. डाव्या मांडीला लावलं. नीट बसलं. हाड डावं होतं! लांबून बघणाऱ्यांना मागचं अंग पुढचं वाटलं होतं. इतक्या वर्षांत माझ्याआधी झाडूवाल्याशिवाय कुणी हातात घेतलंच नाही, मग कळणार कसं?

मी भीत भीत सांगितलं, "बहनजी, यह बाईं है."

"तुझे हाथ लगाने को रखा है, ज़बान चलाने को नहीं."

वर्गासमोर कान धरून मला म्हणायला लावलं, "मैं ग़लत थी." मी म्हणाले. तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो, मेंदूला विचारायला थांबत नाही, ते काम पाठीच्या कण्यातच उरकतं. माझी माफी तशीच निघाली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी बहनजींनी मला बाजूला घेतलं. "सब 'दाईं' बोलेंगी. तू भी. चाल-चलन का प्रमाण-पत्र मेरे हाथ में है." त्या दाखल्याशिवाय नर्सिंगला प्रवेश नव्हता. मी मानेनं होकार दिला.

बाहेरगावचे एक म्हातारे परीक्षक आले. मला नेहमीप्रमाणे टेबलामागे उभं केलं. पहिला नंबर वसुधाचा. परीक्षक म्हणाले, "हड्डी उठाओ." वसुधानं माझ्याकडे पाहिलं. मी उचलून धरावं म्हणून. बहनजींनीही डोळ्यांनी खुणावलं.

माझी छाती इतकी धडधडत होती की समोरचं नीट ऐकू येईना. मी बहनजींकडे पाहिलं. त्या जिभेनं ओठ ओले करत होत्या. कपाळावर घाम. परीक्षकांपुढे त्यांची गाळण उडाली होती. त्यांचीही! मला ते स्वच्छ दिसलं.

मी हात मागे बांधले. "मैं नहीं उठाऊँगी. जिसका इम्तिहान है, वह ख़ुद उठाए."

परीक्षकांनी चष्मा वर केला आणि वसुधाला हाताने खूण केली. वसुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन बोटांनी तिनं हाड धरलं, ते निसटून टेबलावर आपटलं. मग एकेक मुलगी आली. बावीस मुलींनी हाड धरलं आणि बावीस जणींनी 'दाईं' म्हटलं. शेवटी माझा नंबर. मी हाड माझ्या डाव्या मांडीला लावलं, धार मागे, गोळा आत. "बाईं," मी म्हणाले. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवून जायला सांगितलं.

व्हरांड्यात वसुधानं मला गाठलं. शाळेत ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. "तुझ्यामुळे बाटले मी. आई मला घरात घेणार नाही."

"आंघोळ कर," मी म्हणाले.

मी पास झाले. दाखला आणायला गेले तर बहनजींनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिखो, मुझसे ग़लती हुई." मी न लिहिताच घरी आले आणि आबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते बुटांना पॉलिश करता करता ऐकत होते.

"पोरी, गुमान दोन वळी लिहून दे," ते म्हणाले. "ती मोठी मानसं. आपलं काय जातंय?"

फौजेतला माणूस, माझा बाप, एका मास्तरणीला घाबरला होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. लू सुटली होती, अंग भाजणारा उन्हाळी वारा. बहनजींनी तोच कागद पुढे केला. मी लिहिलं, 'हड्डी बाईं थी.' खाली सही केली.

त्यांनी कागद फाडला. "कल भी नहीं मिलेगा."

"कल फिर आऊँगी," मी म्हणाले. "काग़ज़ देंगी तो फिर यही लिखूँगी."

मी व्हरांड्यात उभी राहिले, शाळा सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. भीती कमी झाली नव्हती, आणि ती कमी होण्याची वाट बघायचं मी सोडून दिलं होतं. दाखला मिळो न मिळो, गावी पाठवोत, लग्न लावोत. मी केली नाही ती चूक माझ्या हातानं कागदावर उतरणार नव्हती.