गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

माझ्या सासऱ्यांनी सैन्यात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन कोरेगावला आल्यावर त्यांनी एक मोटरसायकल घेतली आणि तिला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी ती त्यांनी मला देऊन टाकली. "गुडघा धरतोय, किक बसत न्हाई," एवढंच म्हणाले. मी ती तासगावला आणली.

सहा महिन्यांनी तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी पहिल्या किकला चालू व्हायची, आठ-दहा किलोमीटर नीट पळायची आणि मग एकदम बंद. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. इथल्या मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. त्याच्या दारात ती कधीच बंद पडली नाही, त्यामुळे मलाच गाडी चालवता येत नाही असं त्याचं मत झालं.

द्राक्षांचा हंगाम सरताना सासरे आमच्याकडे आले. मी सगळं सांगितलं.

"गार इंजिन तपासून काय कळनार? चला, मी मागं बसतो. बंद पडू द्या."

सांगलीच्या रस्त्याला एका बेदाण्याच्या शेडसमोर गाडी बंद पडली. मी सवयीने किकवर पाय ठेवला.

"थांबा पावणं. आदी टाकीचं झाकण उघडा."

त्यांनी कान जवळ नेला. झाकणाचं बारीक भोक बुजलं असतं, तर हवा आत ओढल्याचा आवाज आला असता. तो आला नाही. म्हणजे पेट्रोल नीट उतरत होतं. मग गाडी शेडच्या सावलीत घेतली, फडक्याने धरून तापलेला प्लग काढला. वायरच्या टोपणात बसवून त्यांनी तो इंजिनाला टेकवला आणि मला किक मारायला सांगितली.

"ठिणगी कशी हाय?"

"मामा, तुमच्याच हातात आहे की."

"तुमी सांगा. निळी का पिवळी?"

पिवळी होती, तीही मधूनच. मी मान वर केली. त्यांची नजर प्लगवर नव्हती, चांगली वीतभर बाजूला होती.

"म्हणजे गाडी दिलीत ती गुडघ्यामुळे नव्हे," मी म्हणालो.

"न्हाई. पानी बघा कुठं मिळतंय का."

शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या एका बाईने बाटली दिली. तोवर त्यांनी टाकीखाली हात घालून प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल चाचपली होती. "हात ठेववत न्हाई," म्हणाले. खांद्यावरचा पंचा भिजवून त्यांनी तो कॉइलभोवती गुंडाळला. पाच मिनिटांनी मी किक मारली तेव्हा प्लग टचटच वाजला.

"आता निळी हाय," ते म्हणाले. मी काही सांगायच्या आधीच.

कॉइलच्या आतली तार तापली की तुटत होती, गार झाली की जुळत होती. दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून नवी कॉइल आणली. ती त्यांनी आमच्या अंगणात बसून, पाने-पकड माझ्याकडून मागून घेत, स्वतः बसवली. त्यानंतर त्याच गाडीवर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते काही खुशीने आले नाहीत. रक्तातल्या साखरेने डोळ्यांचा पडदा खराब केला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली इंजेक्शनांनी टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

परत येताना त्यांनी मागून एकच सांगितलं, "पोरीला बोलू नगा."

मी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने लगेच आईला फोन लावला. सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. सासरे दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कोरेगावला गेले आणि दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

आता इंजेक्शनाला बायको त्यांना घेऊन जाते. फोनवर ते मला गाडीचं विचारतात. मी डोळ्यांचं विचारलं, की म्हणतात, "पोरीकडं द्या फोन."