शिळफाट्यावर बोललेलं वाक्य

खालापूरच्या ज्या कागद गिरणीत मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, ती आता बंद आहे. का बंद पडली म्हणून कुणी विचारलं, तर लोक सांगतात, धुराच्या नियमामुळे. चारचौघांत हे पहिल्यांदा बोलले होते ते मीच.

माझं घर दहिवलीला. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, लगद्याचे, पाण्याचे, कोळशाचे नमुने तपासायचे, किती कोळशात किती वाफ झाली ते लिहून ठेवायचं. बॉयलरवर एक दादा होते, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण ज्वाळेचा रंग बघून कोळसा दमट आहे की कोरडा ते सांगायचे, आणि माझं यंत्र तेच मागाहून सांगायचं.

गिरणीच्या मागे नाला होता. यंत्रांतून फिरून आलेल्या वाफेचं जे गरम पाणी होतं, ते खरं तर परत बॉयलरला जायला हवं. तो परतीचा पाइप कधीचाच कुजला होता आणि पाणी सरळ नाल्यात पडायचं. थंडीत सकाळी सगळा नाला वाफाळलेला असायचा. बायका तिथे गोधड्या धुवायला यायच्या. दादा म्हणायचे, "ताई, ह्यो आपला कोळसाच वाहून चाललाय बगा." मलाही ते ठाऊक होतं. पाइप बदलला तर किती कोळसा वाचेल ते मी दोनदा लिहून साहेबांकडे दिलं होतं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

मग नियमाची बातमी आली. साहेबांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावून समजावलं. सरकार प्रत्येक कारखान्याला धुराची मर्यादा घालून देणार. मर्यादेच्या आत राहिलात तर प्रमाणपत्र मिळेल, ते बाजारात विकता येईल. मर्यादा ओलांडलीत तर दुसऱ्याचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागेल.

"म्हंजे धूर बी इकत घ्यायचा?" दादांनी विचारलं. सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. "आपल्याला घ्यावाच लागणार. नवी यंत्रं आणलेल्या मोठ्या गिरण्या विकतील आणि आपल्यासारख्या जुन्या घेतील. कागद मात्र दोघांनी एकाच भावाने विकायचा. मग पगार द्यायचा कुठून?"

यात खोटं काही नव्हतं, असं मी आजही म्हणते. मोठ्याला बक्षीस आणि लहानाला दंड, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

मोर्चा ठरला. युनियन आणि साहेब एका बाजूला, असं मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांचे झेंडेही आले. युनियनचे अध्यक्ष मला म्हणाले, "ताई, तुम्ही बोला. तुम्हाला यातलं कळतं. आम्ही काय, नुसतं मुर्दाबाद म्हणणार."

मी स्वयंपाकघरात बसून भाषण लिहिलं. त्यात पाइपाचंही लिहिलं होतं. नियम अन्यायाचा आहे, पण आमच्याकडेही कोळसा वाया जातो, तो आधी थांबवा, म्हणजे धूरही कमी होईल आणि खर्चही. अध्यक्षांनी कागद वाचला आणि त्या ओळींवर बोट ठेवलं. "घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? समोरच्याला आयतं कोलीत मिळेल." मी त्या ओळी खोडल्या. हात धरून कुणी खोडायला लावल्या नव्हत्या.

आमच्याकडच्या शिळफाट्यावर टेंपोवर उभी राहून मी बोलले. बाजार थांबला होता, गाड्यांची रांग लागली होती. शेवटी म्हणाले, "हा नियम आला तर गिरणीची चिमणी थंड पडेल, आणि चिमणी थंड पडली की आमच्या चुली थंड पडतील." टाळ्या थांबेनात. दादा अगदी पुढे उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा थोड्या उशिरा.

खाली उतरले तेव्हा ते जवळ आले. "चांगलं बोलल्या ताई. पायपाचं तेवढं राहिलं."

"वेळ नव्हता, दादा."

"हां," ते म्हणाले. "येळ नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य माझं राहिलं नाही. ते फलकांवर आलं, लोकांच्या मोबाइलवर आलं, एका पुढाऱ्याने आपल्या सभेत आपलं म्हणून ठोकून दिलं. नियम जिथे होता तिथेच राहिला. काही महिने गेले. प्रमाणपत्र विकत घ्यायची पाळी अजून आलीसुद्धा नव्हती, आणि एका सकाळी बस फाटकाशी थांबली तर फाटक बंद. त्यावर नोटीस लावलेली. कामगारांच्या प्रतिनिधींनीच जाहीरपणे मान्य केल्याप्रमाणे, या नियमामुळे गिरणी चालवणं शक्य नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. माझं वाक्य जसंच्या तसं अवतरणात होतं. मी ते तीनदा वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका ओ ताई, आमालाबी वाचू द्या."

जागेचा सौदा आधीच ठरला होता, असं पुढे कानावर आलं. खरं-खोटं कळलं नाही. आता तिथे गोदामं उभी राहिली आहेत.

लोकांनी मला बोल लावला असता तर सोसलं असतं. पण कर्जतच्या बाजारात गिरणीतल्या एकाची बायको भेटली, माझा हात धरून म्हणाली, "तुमी आदीच सांगितलं हुतं. कुणी ऐकलं नाय गं बाई तुमचं." मी भाजी न घेताच घरी आले. दुपारी तीनला पाळी सुटायचा भोंगा मला अजून ऐकू येतो. भांडी घासता घासता हात थांबतो. मग माझाच आवाज ऐकू येतो, टेंपोवरचा, कर्ण्यातून आल्यासारखा चिरका. त्याला पुढचं बोलायचं असतं आणि टाळ्या त्याला बोलू देत नाहीत.

गेल्या थंडीत नणंद आली म्हणून आम्ही माथेरानला गेलो. हॉटेलच्या मागे पाणी तापवायची मोठी टाकी होती आणि तिच्याखालच्या चुलीशी दादा लाकडं सारत बसले होते. अंगाने वाळले होते. मला बघून उठले, खांद्यावरच्या पंच्याने ओटा पुसून म्हणाले, "बसा ताई."

घरचं विचारून झालं. मग माझ्याच्याने राहवेना. "दादा, मी त्या ओळी लिहिल्या होत्या. पाइपाच्या. मीच खोडल्या."

त्यांनी एक लाकूड जाळात सारलं. "मला म्हाईत हाय. मी पण तितंच उबा हुतो की. वराडलो असतो खालनं, तर कोन माजं तोंड धरनार हुतं? मला पन भ्या वाटलं." मग म्हणाले, "एक सांगा. तवा बोललो असतो, तर गिरनी ऱ्हायली असती का हो?"

एकोणीस वर्षं त्यांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे काही ना काही उत्तर असायचं.

"नाही सांगता येत, दादा."

त्यांनी मान हलवली. आतून कुणीतरी गरम पाण्यासाठी हाक दिली, तसे ते वाकून लाकडं सारू लागले. बाजूची दोन लाकडं उचलून मी त्यांच्या हाताशी ठेवली. मग नणंद शोधत आली.