हळद लागलेली वायर

रेडिओची केबल मी आंब्याच्या करंडीला बांधली आणि एसटीच्या टपावरून पेणला ताईकडे पाठवून दिली.

दोरी सापडत नव्हती, एवढंच कारण. केबल पिशवीत होती, लांब होती, मजबूत होती... आणि गाठ तर इतकी सुरेख बसली की मी कंडक्टरला ऐटीत म्हणालो, "बघा, पेणपर्यंत हलणार नाही!" हललीही नाही. आंबे सुखरूप पोचले. आपण काय पाठवलं हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

भुतंखेतं, अंगात येणं, उतारे — यातलं काहीही मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तरी हे लिहितोय, कारण अर्धं गाव साक्षीला होतं, आणि त्यातला एकही माणूस माझ्या बाजूने खोटं बोलण्यातला नव्हता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पनवेलात खोली घेऊन राहायचो आणि सायकलने रोडपालीच्या शाळेत जायचो. आज तिथे इमारतीच इमारती दिसतात. तेव्हा एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे मिठागरं, आणि विजेचा पत्ता नाही. गावाला सरकारकडून बॅटरीवर चालणारा रेडिओ मिळाला होता. शिकलेला माणूस म्हणून तो माझ्या ताब्यात दिला होता. (या निर्णयाबद्दल गावाला पुढे बराच विचार करावा लागला.) बॅटरी फुकट उतरू नये म्हणून मी बॅटरी जोडायची केबल काढून पिशवीत ठेवायचो. तीच ही केबल.

आता हिरूबायबद्दल. हिरूबाय गावची धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते तेव्हा कुठे लग्न लागतं. ती देवांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते, जात्याला, उखळाला, मुसळालासुद्धा नाव घेऊन आमंत्रण देते. त्या वर्षी मुंबईच्या रेडिओवाल्यांनी तिला नेऊन तिचा आवाज भरून घेतला होता. शनिवारी संध्याकाळी गावकऱ्यांच्या कार्यक्रमात तो लागणार होता. एकदाच.

आणि नेमकी त्याच शनिवारी बारकूशेठच्या मुलाची हळद. बारकूशेठ म्हणजे मिठागरांचा मालक, गावातलं मोठं घर. त्याने पनवेलचा बँड ठरवला होता आणि हिरूबायला निरोप पाठवला होता की आता धवल्यांची गरज नाही. तिने रेडिओचं सांगितलं तर तो चारचौघांत हसला.

"म्हातारी म्हमईला गेली, भजी खाऊन परत आली! रेडिओ तुझा आवाज कशाला घेल?"

"सनवारी आयक ना मंग."

"आयकतो. मांडवातच आणा तो डबा. तुझा आवाज आला तर या घरचे धवले तूच बोलायचे. नाय आला तर या गावात पुन्ना तोंड उघडायचा नाय!"

"कबूल," हिरूबाय म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "मास्तर लावतील बराबर."

मास्तरांनी पुढे काय केलं ते वर सांगितलंच आहे.

शनिवारची दुपार झाली होती, पेणला जाऊन यायला वेळ नव्हता. मी पनवेलच्या बाजारात हिंडलो. केबल मिळेना. शेवटी एका भांडारातून साधी वायर घेतली, तिचे चार तुकडे केले. बॅटरीत खुपसायचा चार पायांचा प्लग हवा — तो औषधाच्या बाटलीच्या बुचात चार खिळे ठोकून केला. चांगला झाला हो! फक्त चारही खिळे सारखे आणि चारही तुकडे एकाच रंगाचे होते, ओळखायला खूण नव्हती. म्हणून एकाला लाल शाई, एकाला निळी, एकाला काजळ लावलं, चौथा कोरा ठेवला. कुठली तार कुठे, हे घरी बसून नीट आठवून ठरवलं. या शहाणपणाबद्दल सायकलवर बसल्या बसल्या स्वतःची पाठ थोपटली.

मांडवात पोचलो. रेडिओ पाटावर ठेवला, शेजारी वायर ठेवली आणि एरियलची तार मांडवाच्या खांबावर चढवायला गेलो. उतरून बघतो तर चारही वायरी पिवळ्याधमक!

"हे कोणी केलं?" मी ओरडलोच.

"मी," बारकूशेठची बायको म्हणाली. "मांडवान नवी वस्तू आली ना. हळद लावल्याबिगर कशी वापरायची?"

तेलातली हळद होती. लाल, निळं, काळं — सगळं एकजीव झालं होतं. शिवाय बायकांनी बसून ती निगुतीने चोळली होती. बुचालासुद्धा सोडलं नव्हतं.

मी वायर उजेडात धरून रंग शोधायला लागलो. हिरूबाय मागे बसली होती, ती उठून जवळ आली.

"काय झाला मास्तर?"

मी हळूच सांगितलं. या चारांत दोन तारा गरीब आहेत, दीड व्होल्टच्या. दोन जबर आहेत, नव्वद व्होल्टच्या. जबर तार गरिबाच्या जागी लागली तर आतले चार व्हॉल्व्ह, ते काचेचे दिवे, त्या क्षणी जळून जातील. रेडिओ कायमचा मुका. आणि आता कोण गरीब, कोण जबर, हे मला ओळखता येत नाही.

तिने चारही वायरी हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या.

"म्हंजे व्याही-व्याही हायेत."

"काय?"

"येक गरीब, येक जबर, आनि येका मांडवान. दर लग्नात आसतात. त्यांना येगला-येगला बोलवाचा, मान द्याचा. मंग नाय भांडत. तुमी जोडा."

"अहो, पण कुठली कुठे?"

"तुमी जोडा वो!"

ती पाटाशी बसली आणि गायला लागली. नेहमीची चाल, पण शब्द तिथेच बांधलेले — चार गावचे चार पाहुणे, येताय तर शिदोरी ठेवा, रुसवा वेशीवर ठेवा... असं काहीतरी. बायका हसत हसत मागे म्हणायला लागल्या. बारकूशेठ म्हणाला, "वायरीचा लगीन लावतेय म्हातारी!" बँडवाले तर पोटं धरून हसत होते. मी तेलकट बोटांनी जी तार हाताला लागेल ती, रेडिओमागचा जो स्क्रू समोर येईल त्याला पिळली. खरं सांगतो, डोळे मिटून. बूच बॅटरीत दाबलं आणि बटण फिरवलं.

खर्र... मग काहीच नाही. बारकूशेठने बँडला हात केला. बँडवाल्याने कर्णा तोंडाला लावला, आणि —

रेडिओतून हिरूबाय गायला लागली!

इतका स्वच्छ आवाज त्या रेडिओतून आधी कधी आला नव्हता. खरखर नाही, शिट्टी नाही. पाटाशी बसलेली हिरूबाय गप्प झाली, रेडिओतली गात राहिली. निवेदकाने तिचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, तेव्हा मांडवात जो गलका झाला तो खाडीपलीकडे गेला असेल. बारकूशेठच्या बायकोने रेडिओला ओवाळलं. बारकूशेठ पुढे आला, आणि म्हातारीच्या पाया पडून म्हणाला, "बाय, हलदीला बस. बँड वरातीला वाजेल."

ती बसली. त्या मोसमात गावातलं एकही लग्न तिच्यावाचून लागलं नाही. पार करंजा बंदरापासून बोलावणी आली. आणि माझा मान? विचारू नका! मला प्रत्येक पंगतीत पहिल्या पाटावर बसवायचे, "मास्तरांनी बुचाचा रेडिओ केला" म्हणून. मीही नाही म्हटलं नाही.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं.

काही दिवसांनी ताईने केबल परत पाठवली; तोवर रेडिओ शनिवारच्या जोडणीसकट बंदच ठेवला होता. आंब्याच्या चिकाचे डाग होते, बाकी शाबूत. मी सहज ती रेडिओला लागलेल्या माझ्या वायरीशेजारी धरून तार-तार जुळवून बघितली... तर काय! मी उलटं जोडलं होतं. नव्वद व्होल्टची जबर तार थेट गरिबाच्या जागी. व्हॉल्व्ह बटण फिरवताच जळायला हवे होते. त्यांनी अख्खा कार्यक्रम ऐकवला होता.

पनवेलच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "शक्यच नाही. तुम्ही नंतर कधीतरी बदललं असणार." मी हात लावला नव्हता. हळद तशीच सुकलेली होती, स्क्रूवर माझ्या बोटांचे ठसे तसेच.

विज्ञान शिकवणारा माणूस अशा वेळी काय करतो? प्रयोग. तीच वायर, तीच जोडणी, तोच रेडिओ, तीच बॅटरी. शाळेत सगळ्यांदेखत बटण फिरवलं. आत लखकन उजेड पडला, आणि चारही व्हॉल्व्ह गेले.

नवे व्हॉल्व्ह येईपर्यंत गाव रेडिओवाचून होतं, आणि माझा पंगतीतला पाट दारापर्यंत सरकला होता. त्या शनिवारी तो रेडिओ कसा गायला, हे मी शोधत राहिलो. पुढे जाणकारांना विचारलं, पुस्तकं चाळली. काही नाही. शेवटी मी हिरूबायकडेच गेलो. ती ओटीवर मासळी निवडत होती. मी तिला सगळं समजावलं — वायर तीच, जोडणी तीच, सगळं उलट, तरी त्या दिवशी वाजला आणि आता जळला, असं का?

तिने मान वर केली नाही.

"चांगला गात व्हता ना मास्तर? मंग तुमी बोट कशाला घातलाव?"